तुम्ही विचारलंत म्हणून: शिट्ट्या किती?

घरी धिंगरीचं (ऑयस्टर अळिंबीचं) स्पॉन, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं तिचं बियाणं, करते म्हटलं की पहिला प्रश्न हाच. ज्वारी कोणती, भिजवायची किती, कल्चर (दाण्यांवर सोडायची धिंगरीची शुद्ध वाढ) कुठून आणलं, यातलं काही नाही. "शिट्ट्या किती घ्यायच्या?" मी म्हणते, शिट्ट्या मोजू नका. समोरची मान डोलावते आणि म्हणते, "बरोबर आहे. पण साधारण किती?"

तर एकदाचं लिहूनच टाकते.

कुकरमधला दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, वजन उचललं गेलं, वाफ सुटली, की शिट्टी होते. वेळेशी तिचा संबंध नाही. मोठ्या आचेवर मिनिटाला एक होते, बारीक आचेवर अर्धा तास होत नाही, आणि आतलं तापमान दोन्ही वेळी जवळपास तेच, १२० अंशांच्या आसपास. भाताला तीन पुरतात, कारण भात आपण लगेच जेवून टाकतो. ही ज्वारी पुढे दोन-तीन आठवडे ओलीच, पिशवीत बंद, २५ अंशांत ठेवायची असते. तिच्यात जंतू उरला तर धिंगरीच्या आधी तोच पानावर बसतो.

आणि उरणारा असतोच. बॅसिलस जातीचे जीवाणू बीजाणू होऊन, म्हणजे जाड कवचात झोपून, दाण्यावर बसलेले असतात, ते उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. ज्वारी रात्रभर भिजवायची ती एवढ्यासाठीही, की भिजल्यावर त्यातले बरेच जागे होतात आणि जागा झालेला जीवाणू उष्णतेने लवकर मरतो. बाकीच्यांसाठी चौरस इंचाला १५ पौंड दाब आणि दीड तास. इथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या लॅबमध्ये १५ मिनिटं पुरायची." पुरतात, नळीतल्या पातळ द्रावणाला. किलोभर ज्वारीच्या पिशवीच्या पोटात उष्णता पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. (हे म्हणणाऱ्यांत एके काळी मीही होते, तेव्हा आवाज चढवत नाही.)

खरं तर मला कुणी दाण्याबद्दल विचारावं. पिशवीत भरून कुकरला लावण्याआधी भिजलेली ज्वारी उकळायची, आणि घुगऱ्या शिजवतो त्याच्या जरा आधीच थांबायचं. चिमटीत धरला तर दाणा दबला पाहिजे, पण साल फुटता कामा नये. फुटली की आतली खळ बाहेर येते, गोळे होतात आणि त्या गोळ्यांच्या मध्यापर्यंत ना उष्णता नीट जाते ना धिंगरी. मग निथळून, जुन्या सुती साडीवर पसरून पंखा लावायचा. मूठभर दाणे वर्तमानपत्रावर ठेवून उचलले तर कागदावर ओल उमटू नये. पाणी दाण्याच्या आत हवं, बाहेर नको. किलोभर कोरड्या ज्वारीमागे २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पहिल्याने दाणे सुटे राहतात, दुसऱ्याने आम्लता आटोक्यात. मी मालदांडी घेते. गव्हावरही उत्तम होतं. पेरणीची, गुलाबी औषध चोळलेली ज्वारी तेवढी नको. ते औषध बुरशी मारायलाच लावलेलं असतं, आणि धिंगरी ही बुरशीच.

पण विचारतात शिट्ट्या. आता मी यावर एवढी का चिडते, तेही सांगते.

माण तालुक्यातल्या एका बचत गटाला हे शिकवायला गेले होते. लग्नकार्यात वापरतात तसले दोन मोठे कुकर त्यांनी मागून आणले होते. मी फळ्यावर सगळं लिहिलं. तळाशी तीन बोटं पाणी, वर जाळी, जाळीवर पिशव्या. शिट्टी बसवण्याआधी पाच-सात मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्यायची, कारण आत हवा कोंडली तर दाब येतो पण तापमान गाठत नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि तिथून दीड तास. एकीने वाचूनही दाखवलं. त्या वर्षी तिकडे पाऊस नव्हता, ज्वारी घरात पिकलेली नव्हती. पैसे गोळा करून पोतं विकत आणलं होतं.

परत गेले तेव्हा खोलीच्या बाहेरच वास आला. आंबूस, कुजका. पिशव्यांच्या तळाशी चिकट पाणी सुटलेलं, दाणे बुळबुळीत. कल्चरचा तुकडा टाकला होता तिथल्या तिथे पांढरा राहिलेला. दोन पिशव्यांत तोंडाला लावलेल्या कापसाच्या बोळ्यातून नारिंगी बुरशी वर आली होती. ती न्यूरोस्पोरा. तिची पूड हवेत उडाली की खोलीतलं पुढचं सगळं जातं, म्हणून त्या दोन आधी ओल्या फडक्यात गुंडाळून बाहेर काढल्या. बाकीच्यांकडे बघत एकीने विचारलं, "कोंबड्यांना तरी घालू का?" मी नको म्हटलं. त्या दिवशी सगळ्यात जड गेलं ते हे सांगणं. पोतंभर ज्वारी, आणि ती कोंबडीलाही घालायची नाही, पुरून टाकायची.

केलं काय होतं? तीस शिट्ट्या. भाताला तीन, तर याला दहापट, असा हिशोब. गॅस मोठाच ठेवलेला, अर्ध्या-पाऊण तासात तीस झाल्या, कुकर उतरवला.

"फळ्यावर दीड तास लिहिलं होतं," मी म्हटलं. आवाज चढलाच होता.

त्यांच्यातली सगळ्यात मोठी मावशी म्हणाली, "ताई, घड्याळाकडं बघत चुलीपाशी कोण बसतंय? शिट्टी कशी, गोठ्यात असलं तरी ऐकाया येती." मोबाईलचं मी काढायच्या आत दुसरी म्हणाली, "मोबाईल मालकांच्या खिशात असतोय."

तेव्हा मला काही सुचलं नाही. परतीच्या एसटीत मात्र सगळी उत्तरं सुचली. बीजाणूंना तुमचा गोठा माहीत नसतो. वाचून दाखवलंत ना. मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. आजही म्हणेन, नव्हतं सांगितलं. पण दीड तास रिकामा असलेल्या बाईसाठी सांगितलं होतं, आणि तशी बाई त्या खोलीत मी एकटीच होते. हे मान्य केलं तरी शिट्ट्या मोजणं बरोबर ठरत नाही. दोन्ही गोष्टी तशाच समोरासमोर उभ्या राहतात.

मग मीही आकडा काढायचा प्रयत्न केला. माझा कुकर, माझी शेगडी, गॅस अगदी बारीक, वही घेऊन बसले. सिलिंडर संपत आला की आकडा वेगळा. रिंग नवी बसवली की वेगळा. तोच कुकर शेजारच्या बर्नरवर ठेवला तर वेगळा. म्हणजे आकडा नाही. लपवून ठेवलाय असं अजूनही काहींना वाटतं.

त्या गटानं नंतर स्वतःच एक तोड काढली. संध्याकाळच्या मालिका अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, एकामागून एक. पहिली शिट्टी मालिका सुरू होताना आणायची, गॅस बारीक करायचा, तीन मालिका संपल्या की बंद. टीव्हीचा आवाज गोठ्यातही जातो. पिशव्या आता चांगल्या येतात. मला मात्र हे पूर्ण पटलेलं नाही. वीज गेली तर मालिका थांबते, कुकर नाही. त्यावर मावशींचं म्हणणं, मग जरा जास्त ठेवायचा, जास्तीनं काय बिघडतंय?

ज्वारीचं फारसं बिघडत नाही, पण तळाचं पाणी संपतं, आणि कोरडा कुकर धोक्याचा. म्हणून अंदाज सुटला असं वाटलं तर गॅस बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालून पुन्हा दीड तास लावा. लवकर गार व्हावा म्हणून नळाखाली धरू नका; आत एकदम पोकळी होऊन बाहेरची हवा बोळ्यातून पिशवीत ओढली जाते. रात्रभर झाकण न काढता तसाच राहू द्या.