पुणे–नाशिक व्हाया जुन्नर, आणि स्टेपनीतली हवा

नाशिकला मावशी असल्यामुळे हा रस्ता वर्षातनं दोन-तीनदा होतोच, पण दरवेळी नुसतं पळायचं, नारायणगावला मिसळ खायची की परत गाडीत. यावेळी जानेवारीतला शनिवार-रविवार धरून ठरवलं की जुन्नरला मुक्काम करायचा आणि आरामात जायचं. गाडीत मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई (गुडघे दुखतात, हे पुढे कामाला येईल).

पहिली गोष्ट, सकाळी सहाच्या आत निघा. चाकण सातच्या आधी पार झालं तर झालं, नंतर कंपन्यांच्या बस आणि कंटेनर सुरू झाले की एक-दीड तास तिथेच जातो. त्यामुळे १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग बघायचा आमच्याकडून परत राहिलाच.

शिवनेरी साडेनऊला. गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आणि सात दरवाजे. आई शिवाई देवीपर्यंत हळूहळू आली आणि तिथेच बसली, आम्ही जन्मस्थान, बदामी तलाव करून कडेलोट टोकापर्यंत गेलो. तीन तास धरा. १९ फेब्रुवारीच्या आसपास मात्र निवांत बघायला म्हणून जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

दुपारी जुन्नरात मासवडी आणि भाकरी. मासवडीत मासे नसतात, बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, माझ्या मुलाने हे तीन वेळा कन्फर्म केलं. मग लेण्याद्री. साधारण तीनशे पायऱ्या, खाली डोली मिळते, भाव आधीच ठरवून घ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, दर्शनाला तिकीट कशाला म्हणून तिथे रोज कुणीतरी भांडत असावं, आमच्यासमोरही एक काका भांडत होते. मूळ ही बौद्ध लेणी आहेत, गणपती सात नंबरच्या लेण्यात आहे, आणि शेजारचं सहा नंबरचं चैत्यगृह लोक बघतच नाहीत, ते सोडू नका. हातात प्रसादाची पिशवी दिसली की माकडं सोडत नाहीत.

तिथून नाणेघाट. जुन्नरपासून तीसेक किलोमीटर पण तासभर तरी लागतोच. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण, जकातीचा म्हणतात, आणि थोडं खाली उतरलं की सातवाहनांची गुहा. भिंतीवर ब्राह्मीतला लेख, नागनिका राणीचा, कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली त्याचा हिशोब, आकड्यांसकट. मुलगा आकडे शोधत बसला, मी खाली कोकण बघत बसले, आणि इथेच उशीर झाला.

येताना माणिकडोहच्या अलीकडे टायर गेलं. अंधार पडलेला. नवऱ्याने स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही! जुन्नर म्हणजे बिबट्यांचा तालुका, बिबट निवारा केंद्रच माणिकडोहला आहे, त्यामुळे आई काच खाली करू देईना आणि टॉर्च धरायला मलाही उतरू देईना. शेवटी एका पिकअपवाल्या दादांनी त्यांच्या पंपाने हवा भरून दिली, पैसे घेतलेच नाहीत. तर नाणेघाट उजेडातच उरका, आणि निघताना स्टेपनी हाताने दाबून बघा, नुसती आहे म्हणून खूश होऊ नका.

रविवारी सकाळी जुन्नरात पंक्चर काढलं आणि आळेफाटा, संगमनेर करत सिन्नर. आता हायवे गावाबाहेरनं जातो म्हणून गोंदेश्वर कायम राहून जायचं, आणि तेच या अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी निघालं. यादवकालीन शिवमंदिर, उंच जोत्यावर, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णूची लहान देवळं, म्हणजे पंचायतन. शिखराकडे नीट बघा, मोठ्या शिखराच्या अंगावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत जातात. चढण फारशी नाही, त्यामुळे आईसुद्धा पूर्ण फिरली. पाण्याची बाटली सोडून तिथे काही लागत नाही, फक्त काळा दगड तापतो आणि चप्पल बाहेर, तेव्हा अकराच्या आत जा.

नाशिकच्या अलीकडे पांडवलेणी. पायऱ्या आहेत, ऊन होतं, आई खाली फाळके स्मारकाच्या बाजूला सावलीत थांबली. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक दगडात कोरून ठेवलंय. म्हणजे काल संध्याकाळी एक सातवाहन राणी आणि आज दुपारी दुसरी. खाली येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "जावयाचं कुणी कोरलं असतं तर स्टेपनीचंपण आलं असतं."

मावशीकडे पोचायला तीन वाजले, जेवायला थांबली होती बिचारी.