नोवा हुता आणि क्रेन चालवणाऱ्या आजी

पोलंडमधल्या क्राकोचा जुना चौक, विएलिच्काची मिठाची खाण, आउशवित्झ हे सगळं आम्ही केलं आणि त्याबद्दल नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, म्हणून ते सोडून देते. मला लिहायचंय ते नोवा हुताबद्दल, म्हणजे कम्युनिस्ट काळात क्राकोजवळ बांधलेल्या कामगारांच्या शहराबद्दल, आणि रागानंच लिहायला बसलेय.

क्राकोत नोवा हुताची 'कम्युनिझम टूर' मिळते. जुन्या ट्रॅबंट गाडीत कोंबून नेतात, एका जुन्या पद्धतीच्या फ्लॅटमध्ये व्होडका देतात आणि मग रेशनची कार्डं दाखवतात. त्या काळी टॉयलेट पेपर आला की लोक रिळं दोरीत ओवून गळ्यात घालून घरी न्यायचे, तर गाईडनं तशी माळच करून ठेवलेली आणि प्रत्येकजण ती गळ्यात घालून खिदळत फोटो काढत होता. मी नाही काढला. तासंतास रांगेत उभं राहून कुणीतरी ते घरी नेलेलं असतं, त्यात हसण्यासारखं काय आहे? टूर अर्धवट सोडून मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ४ नंबरची ट्राम पकडून एकटीच परत गेले. क्राकोच्या मध्यभागापासून पूर्वेला साधारण दहा किलोमीटर. करड्या दगडी इमारती, कमानी, मोठ्ठे सरळ रस्ते, आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट प्रचंड झाडी. १९४९ मध्ये मोगिवा वगैरे गावांची काळी, कसदार शेतजमीन ताब्यात घेऊन इथं पोलाद कारखाना आणि कामगारांचं शहर बांधायला सुरुवात झाली. १९५४ मध्ये पहिली भट्टी पेटली, कारखान्याला लेनिनचं नाव दिलं. सत्तरच्या दशकात इथं चाळीस हजारांच्या जवळपास माणसं कामाला होती आणि वर्षाला सत्तर लाख टनांच्या आसपास पोलाद निघायचं. बांधणारे सगळे खेड्यातून आलेले तरुण. १९५० मध्ये पिओत्र ओझान्स्की नावाच्या गवंड्याच्या टोळीनं एका पाळीत तीस हजारांहून जास्त विटा रचल्या, त्याचा सरकारनं केवढा गाजावाजा केला, पण असे विक्रम झाले की बाकीच्यांचं रोजचं ठरलेलं कामही वाढायचं, हे कुठल्या पोस्टरवर लिहीत नसत.

आणि एवढ्या मोठ्या शहराच्या आराखड्यात एकही चर्च नव्हतं.

आमच्या घरमालकीणबाई हॉटेलात काम करायच्या, इंग्रजी उत्तम. टूरचा वैताग मी त्यांच्याजवळ काढला तर म्हणाल्या, माझी आई तिथंच राहते, रविवारी चला. आई म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपासच्या आजी, ताठ बसणाऱ्या, आणि जेवल्याशिवाय बोलणारच नाही म्हणाल्या. आधी सूप, मग बटाटे आणि कोबी, मग केक. मी शाकाहारी आहे हे लेकीनं आधी सांगून ठेवलं होतं, तरी आजींना वाटत राहिलं की पाहुणीला आपण काहीच वाढलं नाही. युरोपात इतका आग्रह मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

आजी १९५७ ला एकोणीस वर्षांच्या असताना खेड्यातून आल्या, आधी कामगार वसतिगृहात राहिल्या, नंतर रोलिंग मिलमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद लाटतात तिथं, वरची क्रेन चालवायला लागल्या. हे काम तिथं बऱ्याच बायका करायच्या. शिडीनं वर केबिनमध्ये चढायचं, खाली लालभडक लोखंड सरकतंय, उष्णता सगळी वर येते, आणि पाळी संपेपर्यंत उतरणं अवघड. त्यामुळं बायका पाणीच कमी प्यायच्या. तीन पाळ्या, त्यात रातपाळी सगळ्यात वाईट, कारण सकाळी सुटल्यावर झोपायचं सोडून रांगेत जायला लागायचं. साखरेचं रेशन १९७६ पासून, मांसाचं १९८१ पासून पार १९८९ पर्यंत. साध्या माणसाला महिन्याला अडीच किलो मांस, पण कार्डावर लिहिलेलं दुकानात असेलच असं नाही. फडताळांवर नुसता व्हिनेगर. फ्रीज, वॉशिंग मशीन घ्यायचं तर शेजारपाजारचे लोक मिळून रांगेची यादी करायचे, ठरावीक वेळी हजेरी व्हायची, हजेरीला नसाल तर नाव कट. आजी रात्री दोन वाजता हजेरीला जाऊन सहाला क्रेनवर चढलेल्या आहेत.

तरी नुसती रडकथा सांगायला त्या तयार नव्हत्या. गावात पाणी विहिरीवरून आणायच्या, इथं फ्लॅट मिळाला आणि नळाला गरम पाणी आलं, त्या दिवशी आईला गावाहून बोलावून आंघोळ घातली. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. मग लगेच म्हणाल्या, पण ज्यांनी घर दिलं त्यांनीच आम्हाला बडवलं, तेही लिही.

ते असं. १९५७ मध्ये चर्चला परवानगी मिळाली, जागेवर लाकडी क्रॉस उभा राहिला, मग सरकारनं शब्द फिरवला. २७ एप्रिल १९६० ला माणसं तो क्रॉस उखडायला आली. आधी बायकांनी अडवलं, मग पाळी सुटलेले कामगार येऊन मिळाले, रात्रीपर्यंत अश्रुधूर आणि लाठ्या, शेकडो लोक पकडले गेले. आजी त्या गर्दीत होत्या. क्रॉस मात्र राहिला. पुढं दुसऱ्या जागी 'आर्का पाना' हे चर्च लोकांनी स्वतः राबून १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं बांधलं, बाहेरून नदीतले गोटे लावलेत. पुढं पोप झालेल्या कारोल वोइतिवा यांनीच त्याचं उद्घाटन केलं. याच चर्चजवळ १३ ऑक्टोबर १९८२ ला, लष्करी कायदा चालू असताना, बोगदान व्होशिक हा कारखान्यातला वीस वर्षांचा मुलगा गोळी लागून गेला. गोळी झाडणारा सुरक्षा पोलिसातला. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्यांनी कामगारावरच गोळी झाडली, हे मला तिथं उभं राहून सहन होईना.

कारखाना आता आर्सेलरमित्तलकडं आहे, आजींना मालक भारतीय हे चांगलंच माहीत. शेवटची भट्टी २०२० मध्ये कायमची बंद झाली, रोलिंग चालू आहे. त्यांनी मला विचारलं, तुझ्या घरात कुणी कारखान्यात होतं का. मी म्हटलं, वडील, मुंबईत लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. १९८२ चा संप सांगितला, तो जानेवारीत सुरू झाला, म्हणजे इकडं लष्करी कायदा लागून महिना झाला होता. गिरण्या बंद पडल्या आणि त्या जमिनींवर टॉवर झाले हेही सांगितलं. आजींचा पहिला प्रश्न, मग कामगारांना घरं दिली ना? म्हटलं, काहींना लॉटरीत लागली, हजारो अजून वाट बघताहेत, कितीतरी जण वाट बघतच गेले. त्यांना ते पटेना. लेकीला काहीतरी चुकीचं ऐकू आलं असेल म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला, आणि मला तेच उत्तर पुन्हा द्यावं लागलं.