त्याला चहा केला, त्याला कॅप्टन केलं : इंग्रजीतल्या नामांनी मला कसं छळलं

मी मराठी मिडीयमचा. एमपीएससीच्या कंबाइनच्या (संयुक्त परीक्षेच्या) मुख्यला पेपर एकमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, मराठीचं टेन्शन नव्हतं पण इंग्रजीच्या टेस्टला आमच्या क्लासमध्ये वाक्यातलं एक नाम अधोरेखित करून विचारायचे की हे सब्जेक्ट, ऑब्जेक्ट की कॉम्प्लिमेंट, आणि पहिल्या टेस्टला दहापैकी तीन आले माझे.

शाळेपासून ट्रिक एकच माहीत, क्रियापदाला 'काय' विचारायचं, उत्तर आलं की ते कर्म. 'शी बिकेम अ डॉक्टर', काय झाली, डॉक्टर झाली, म्हणून ऑब्जेक्टला टिक केलं. चूक. आणि कॉम्प्लिमेंट म्हणजे मला फक्त कौतुक माहीत होतं, मराठीत विधानपूरक (विधान पुरं करणारा शब्द) पाठ करून बसलोय ते हेच आहे हे डोक्यातच आलं नाही. ती आणि डॉक्टर एकच बाई, मग ती स्वतःचं कर्म कशी होईल? पॅसिव्ह करून बघा, 'अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर', ऐकूनच कळतं गडबड आहे.

खरा घोळ आपल्या 'ला'चा. आपल्याकडे 'कुत्र्याने मांजराला पळवलं' म्हणा नाहीतर 'मांजराला कुत्र्याने पळवलं', कोण पळालं ते प्रत्यय सांगतो. इंग्रजीत नामांची नुसती जागा बदलली तर कुत्राच पळायला लागतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते म्हणे, ते झिजले, कर्ता की कर्म हे दाखवणारी वेगळी रूपं आता ही-हिम, शी-हर अशा सर्वनामांत तेवढी उरलीत, म्हणून सगळा भार जागेवर. मी मात्र प्रत्येक वाक्य मनात मराठीत करून 'ला' शोधत बसायचो. 'आय गेव्ह माय ब्रदर अ फोन' यात ब्रदर इनडायरेक्ट ऑब्जेक्ट (अप्रत्यक्ष कर्म), आणि 'आय गेव्ह अ फोन टू माय ब्रदर' केलं की तोच ब्रदर 'टू' या प्रिपोझिशनचा ऑब्जेक्ट (काही पुस्तकं तिथेही इनडायरेक्टच म्हणतात, तो वेगळाच ताप). मराठीत दोन्हीकडे भावाला फोन दिला, संपलं. 'एक्सप्लेन मी धिस' (हवं 'एक्सप्लेन धिस टू मी') ही आपली चूकसुद्धा याच 'ला'तून येते.

मग एका रात्री रूमवर चहा ठेवला होता आणि वहीत दोन वाक्यं समोर, 'दे मेड हिम टी' आणि 'दे मेड हिम कॅप्टन'. रचना सेम, हिम सेम, उत्तरं वेगळी, का ते कळेना. मराठीत म्हणून बघितलं, त्यांनी त्याला चहा केला, त्यांनी त्याला कॅप्टन केलं. थांबलो. केला आणि केलं! तिला कॉफी केली, पण तिला सरपंच केलं, 'केली' नाही. अरे हा तर कर्मणी आणि भावे प्रयोग! चहा, कॉफी ही खरी कर्मं, क्रियापद त्यांच्या लिंगाप्रमाणे बदलतं, कॅप्टन आणि सरपंचला ते विचारतच नाही कारण ती कर्मं नाहीतच, ती त्याची-तिची नवी ओळख, म्हणजे ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. ज्या मराठीने गोंधळात टाकलं तिनेच सोडवलं, आणि चहा उतू गेला तो वेगळा.

हे सगळ्या काळांत चालत नाही, आणि सगळ्या क्रियापदांनाही चालत नाही हे पण सांगतो, नाहीतर कोणीतरी कमेंटला धरेल. 'वी वेटेड ऑल नाइट'मधल्या नाइटला तर कर्म म्हणायचंच नाही, आम्ही रात्रभर थांबलो, तो 'किती वेळ'चं उत्तर देतोय.

पुढच्या टेस्टला आठ आले. गेले त्यातला एक 'माय अंकल, अ फार्मर, ग्रोज ओनियन्स' यातला फार्मर, मी सब्जेक्ट लिहिलं, हवं होतं अपोझिटिव्ह, म्हणजे शेजारच्या नामाचीच ओळख सांगणारं नाम. रूममेट म्हणाला कांद्यावर लक्ष गेलं असेल तुझं, भाव पडले होते ना तेव्हा.