जाब कोणाला विचारायचा?

1 सप्टेंबर 2025, सोमवार. मराठा समाजाला ओबीसीतून आरक्षण मिळावं म्हणून आझाद मैदानात सुरू असलेल्या मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणाचा चौथा दिवस, आणि घरोघरी ज्येष्ठा गौरींचं पूजन. सकाळच्या मीटिंगमध्ये मला काम मिळालं ते असं: सीएसएमटीच्या आसपास फिरायचं, मुंबईकरांशी बोलायचं, आणि हे आंदोलन सरकारने, पालिकेने, पोलिसांनी ज्या पद्धतीने हाताळलं त्याबद्दल लोकांना काय वाटतं ते रात्रीपर्यंत अर्ध्या पानात लिहून द्यायचं. मी वार्ताहर, महापालिकेच्या बीटवर असते. पालिकेचं मुख्यालय आणि आझाद मैदान यांच्यामध्ये एक रस्ता तेवढा आहे, त्यामुळे तिथली आंदोलनं मला नवी नाहीत. पण अशी गर्दी मी तिथे पाहिली नव्हती.

पोलिसांची मूळ परवानगी होती शुक्रवार, 29 ऑगस्टपुरती. पाच हजार माणसं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मग एकेक दिवस मुदत वाढत गेली आणि माणसं येतच राहिली. मैदानात चिखल, वरून पाऊस, म्हणून लोकांनी आसरा घेतला स्टेशनात. मी उतरले तेव्हा मोठ्या हॉलमध्ये पथाऱ्या पसरलेल्या होत्या, रेलिंगवर भगवे गमछे वाळत होते, आणि लोकलमधून उतरलेली सोमवारची गर्दी झोपलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढत बाहेर पडत होती. पोत्यांमधून गावाकडच्या भाकऱ्या आलेल्या. एका कोपऱ्यात पाच-सहा जण गोल बसून भाकरीवर ठेचा घेऊन खात होते. त्यांनी मलाही बोलावलं.

पहिली प्रतिक्रिया मिळाली ती अंबरनाथहून येणाऱ्या एका बाईंची. फोर्टमध्ये एका विमा कंपनीत नोकरी, वय पन्नाशीच्या पुढे. संध्याकाळी गौरीपूजनाला वेळेवर घरी पोचायचं म्हणून सकाळी लवकर निघालेल्या. म्हणाल्या, "मला आरक्षणाचं काही विचारू नका. त्यातलं मला कळत नाही आणि माझ्या मताला किंमतही नाही. मला एवढंच सांगा, हे लोक येणार हे कधीपासून टीव्हीवर चाललं होतं. मग बायकांच्या सोयीचा विचार कुणी केला होता का?"

बोलता बोलता आम्ही त्यांच्या ऑफिसच्या दारापर्यंत आलो. तिथे दोन बायका आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी वॉचमनशी बोलत उभ्या होत्या. बाथरूमला जायचं होतं. वॉचमनचं म्हणणं, साहेबांची परवानगी लागते. बाई क्षणभर थांबल्या, मग पर्समधून आयकार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. "माझं नाव लिही. हे माझे पाहुणे." रजिस्टरमध्ये 'पाहुणे' असं लिहून घेतल्यावरच त्याने लिफ्टचं दार उघडलं. मीही वर गेले.

त्या दोघींपैकी थोरली अंबड तालुक्यातली होती, जालना जिल्ह्यातली. बाहेर आल्यावर पॅसेजमध्ये उभ्या उभ्याच ती बोलली. "आज एक तारीख ना? दोन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी आमच्याकडे लाठी चालली." अंतरवाली सराटीतला लाठीमार, 1 सप्टेंबर 2023. तोपर्यंत हे उपोषण जालन्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या लाठीमारानंतर महाराष्ट्रभर बंद आणि मोर्चे झाले, आणि तीन दिवसांत गृहमंत्री असलेल्या देवेंद्र फडणवीसांना जाहीर माफी मागावी लागली. ती म्हणाली, "ताई, आम्ही त्याआधी कधी मोर्चात गेलो नव्हतो. माझा धाकटा दीर डोकं फुटून घरी आला, मग कोण घरात बसणार?"

हे मी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. आंदोलन हाताळण्याबद्दल जनमत काय, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला त्या दिवशी दुसरं मिळालं नाही. एका दुपारच्या लाठीमाराने एका घराचं मत बनलं होतं आणि दोन वर्षांनी ते घर भाकऱ्या बांधून मुंबईत आलं होतं.

पण मुंबईकरांची बाजू घ्यायची होती, आणि ती सोपी नव्हती. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला एक तरुण भेटला. वडील आत दाखल. टॅक्सी पुढे जाईना म्हणून आदल्या दिवशी वडिलांना धरून तो बराच रस्ता चालत आला होता. त्याचा आवाज चढला होता आणि चढायलाच हवा होता. "त्यांचा हक्क मला मान्य आहे. पण रस्ता माझ्या बापाचाही आहे. पोलीस बघत उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, आम्हाला वरून आदेश नाही." शेजारच्या चहावाल्याने त्याला बसायला स्टूल दिलं. मी विचारलं, राग कोणावर आहे? तो विचारात पडला. "आंदोलकांवर थोडा. बाकीचा कोणावर काढू ते तुम्हीच सांगा."

हीच गोष्ट मला दिवसभर वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू आली. दादाभाई नौरोजी रोडवर वडापावची गाडी लावणारा एक जण गाडी झाकून बाजूला बसला होता. परिसरातली हॉटेलं, गाड्या बंद करायला लावल्या, पाणी तोडलं, असा आंदोलकांचा आरोप होता. पालिकेचं म्हणणं, आम्ही टँकर, शौचालयं, वैद्यकीय पथकं दिली, चिखलावर खडी टाकली. मी गाडीवाल्याला विचारलं, तुला बंद करायला कोणी सांगितलं? "मला कोणी नाही सांगितलं. पलीकडच्याने झाकली, मी पण झाकली. गर्दीत काही झालं तर भरून कोण देणार?" पलीकडच्याला विचारलं तर त्याने तिसऱ्याचं नाव घेतलं. तिसरा जागेवर नव्हता. आदेश होता की नुसती भीती, याचा मला दुपारपर्यंत छडा लागला नाही. पण मैदानात बसलेल्या माणसाला दिसत होती ती बंद दुकानं, आणि गावात टीव्ही बघणाऱ्यालाही तीच दिसत होती. शुक्रवारी रात्रीच कोणीतरी जबाबदार माणसाने समोर येऊन स्पष्ट सांगितलं असतं की दुकानं उघडी ठेवा, पाणी इथे मिळेल, शौचालयं इथे आहेत, तर निम्मी कटुता तिथेच संपली असती असं माझं ठाम मत आहे. उपाशी ठेवून हाकलायला निघालेत, ही समजूत एकदा पसरली की टँकरचे आकडे दाखवून ती पुसता येत नाही.

जबाबदार माणूस कोण, हाच खरा घोळ होता. पालिकेतल्या 227 नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली होती. तेव्हापासून निवडणूकच झाली नव्हती. महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती, सगळा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. पोलीस तर मुंबईत महापौर असतानाही महापौरांचं ऐकत नाहीत, ते राज्याच्या गृहखात्याखाली येतात. स्टेशन रेल्वेचं. मैदानातल्या परवानगीची किल्ली पोलिसांकडे आणि त्यावर न्यायालयाचं लक्ष. नरिमन पॉइंट, चर्चगेटच्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात न्यायालयात धाव घेतली तेव्हापासून मंत्रालयावर जाणारे मोर्चे आझाद मैदानात अडवले जातात. म्हणजे राज्यभराचा राग आणून ओतायची जागा या शहराने ठरवून दिली आहे, पण तो राग आल्यावर त्याचं काय करायचं हे ठरवणारं शहराचं म्हणून कोणीच तिथे नव्हतं. पूर्वी अशा वेळी माझ्यासारखी वार्ताहर पहिला फोन त्या प्रभागाच्या नगरसेवकाला लावायची. तो खरं बोलायचा असं मी म्हणत नाही. पण लोक त्याच्या दारात जाऊन ओरडू शकत होते.

दुपारी उच्च न्यायालयातून बातमी आली. परवानगीच्या अटी मोडल्या गेल्या, शहर ठप्प झालं, मंगळवारपर्यंत रस्ते मोकळे करा. फुटपाथवर मोबाइल बघणाऱ्या दोन-तीन ऑफिसवाल्यांनी "बरं झालं" म्हटलं. त्यातला एक स्वतःला ओबीसी म्हणवत होता आणि मागणीच्या पूर्ण विरोधात होता. तो मात्र लगेच पुढे म्हणाला, "पण आता यांच्यावर लाठी चालवू नका म्हणावं. ती चालली की भोगावं लागतं गावातल्या आम्हाला, शेजारी राहतो आम्ही." हे वाक्य बऱ्याच नेत्यांनी भिंतीवर लावून ठेवावं असं मला वाटतं.

या शहराने आंदोलनांना शाबासकीही दिली आहे. 9 ऑगस्ट 2017 चा मराठा क्रांती मूक मोर्चा भायखळ्याहून आझाद मैदानात गेला, तेव्हा मागे कचरा उचलत जाणाऱ्या स्वयंसेवकांचं कौतुक झालं. मार्च 2018 मध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या मुलांचे पेपर चुकू नयेत म्हणून सोमय्या मैदानातून मध्यरात्रीनंतर पायपीट सुरू केली आणि पहाटे आझाद मैदान गाठलं. त्यांच्यासाठी मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. पण नीट बघितलं तर दोन्ही वेळा शहाणपण आंदोलकांनी दाखवलं होतं. ज्यांनी शहर चालवायचं त्यांची परीक्षा तेव्हा झालीच नाही. ती या वेळी झाली, कारण माणसं एका दिवसात परत गेली नाहीत.

संध्याकाळी ऑफिसात कॉपी टाकली. वृत्तसंपादकांना मथळा हवा होता 'मुंबईकर संतप्त'. मी अडून बसले. माझ्या वहीत संताप होता, नाही कसा, पण निव्वळ संताप असलेली प्रतिक्रिया मला एकही सापडली नव्हती. प्रत्येकाच्या बोलण्यात दुसरी बाजू होती. सेंट जॉर्जजवळच्या त्या तरुणाचं वाक्य आणि विमा कंपनीतल्या बाईंचं वाक्य शेजारी शेजारी छापा, वाचकाला कळेल, असं मी म्हटलं. थोडी वादावादी झाली. शेवटी मथळा झाला 'रस्ता मोकळा करा, पाणीही द्या'. ओबीसी गृहस्थाचं वाक्य जागेअभावी कापलं गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मंगळवारी चक्रं फिरली. राधाकृष्ण विखे पाटील यांची मंत्रिमंडळ उपसमिती मैदानात आली, मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघाला, जरांगे यांनी उपोषण सोडलं आणि गुलाल उधळला गेला. रात्रभर सफाई कामगार झाडत होते. त्यांच्या प्रतिक्रिया कुठल्याच वाहिनीने घेतल्या नाहीत.

मी पाठपुराव्याची बातमी करायची म्हणून वडापाववाल्याला गाठलं. गाडी उघडली होती, तेल तापत होतं. "त्यांना जीआर मिळाला, चांगलं झालं. परत कोणी आलं तर मी गाडी उघडी ठेवायची की झाकायची, याचा जीआर कुठे मिळतो?" तो अगदी मनापासून विचारत होता. मी तोच प्रश्न घेऊन एका संबंधित अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि हा विषय दुसऱ्या खात्याचा असल्याचं सांगितलं. त्या दुसऱ्या खात्याने मला लेखी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज दिला आहे. पोचपावती माझ्याकडे आहे, उत्तराची वाट बघते आहे.