दिवे घाटात बसलेलं इंजिन

दिवे घाट चढताना, जेमतेम चाळीसच्या वेगात, माझ्या पालिओचं इंजिन बंद पडलं. आवाज मोठा नव्हता. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून डबा दोनदा हलवावा, तेवढाच. मग शांतता. गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, तर स्टार्टर नेहमीपेक्षा भराभर फिरला. ते ऐकूनच पोटात गोळा आला. इंजिन इतकं हलकं फिरतं तेव्हा आत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेचा दाब, उरलेलं नसतं.

तिथून टोचन करून गाडी धायरीला गॅरेजवर आणेपर्यंत रात्रीचे दहा वाजले.

गाडी फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, २००२ची. मी ती २०११ मध्ये घेतली. मागे मुलाबाळांना बसवता येणाऱ्या गाडीला कोणी स्पोर्ट्स कार म्हणत नाही, हे मान्य. पण २००१ साली ही आपल्याकडे आली तेव्हा १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह आणि १०० अश्वशक्ती हे आकडे छोट्या गाडीत ऐकायला मिळत नव्हते. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. शहरात ही गाडी लिटरला आठ-नऊच्या वर जात नाही, सुट्या भागांसाठी चार जणांना फोन करावे लागतात, आणि तरीही खंबाटकीच्या वळणावर ती रस्त्याला जशी धरून राहते, तशी नंतर चालवलेली एकही गाडी मला राहिलेली दिसली नाही. म्हणून ती विकायचा विचार मनात आला नाही. प्रश्न फक्त पैशांचा होता. ठरवलेला आकडा नव्वद हजार. त्याच्या वर गेलं की घरचा दुसरा काहीतरी खर्च मागे पडणार होता.

चार दिवसांनी गॅरेजच्या मिस्त्रीकाकांनी इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं आणि मला बोलावून घेतलं. सोळापैकी नऊ व्हॉल्व्ह वाकलेले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये एका व्हॉल्व्हची टोपी तुटून पिस्टनच्या डोक्यात रुतली होती, आणि बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या, भिंतीवर नखाला लागेल अशी उभी चर पडली होती. कारण टेबलावरच ठेवलं होतं: टायमिंग बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग. ते जाम झालं, बेल्टचे दात उडाले, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम जागच्या जागी थांबले आणि पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळले. दोन वर्षांपूर्वी बेल्ट बदलला तेव्हा टेन्शनर ‘अजून चांगला वाटतोय’ म्हणून मीच जुना ठेवायला सांगितला होता. तेव्हा अडीच हजार वाचले होते.

काकांनी कागदावर हिशेब मांडला. नवे व्हॉल्व्ह, गाईड, पिस्टन, रिंगा, भोसरीला नेऊन बोअरिंग, हेड सपाट करणं. एक लाख तीस हजारांपर्यंत आकडा गेला, आणि त्यातले ओव्हरसाइज पिस्टन मिळतीलच याची खात्री नाही. म्हणाले, “याच्यापेक्षा दुसरं इंजिन बघा.”

दुसरं इंजिन म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे आलं, ते पालिओ बाळगणाऱ्या कुणाच्याही डोक्यात येतं. टी-जेट, फियाटचंच टर्बो इंजिन. फियाटची लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली, १३६८ सीसी, टर्बो, ११४ अश्वशक्ती, २०७ न्यूटन मीटर. पुढे अबार्थ पुंतोमध्ये त्याच इंजिनाने १४५ अश्वशक्ती दिली. शिवाय ही इंजिनं आपल्या रांजणगावच्या कारखान्याच्या गाड्यांमधली, म्हणजे पुण्याच्या आसपास अपघातातली एखादी लिनिया मिळणं अवघड नव्हतं. पंधरा दिवस मी दुसरं काही बोलत नव्हतो. एकाने पंचावन्न हजारांत इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्स असा सेट द्यायचंही कबूल केलं होतं.

मग काकांच्या सांगण्यावरून मी वही घेऊन बसलो आणि इंजिनाव्यतिरिक्त काय काय लागेल ते लिहून काढलं. माझ्या मते बजेटमधला इंजिन बदल याच पानावर ठरतो. टी-जेट हे फियाटच्या ‘फायर’ घराण्यातलं इंजिन. १.२च्या पालिओतलंही त्याच घराण्यातलं. माझं १.६ मात्र वेगळ्या कुळातलं, म्हणजे माउंटिंग, इंजिन धरून ठेवणारे आधार, नव्याने बनवायची. टर्बोला त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर हवा, त्याला समोर जागा हवी. माझ्या गाडीचा थ्रॉटल केबलचा, त्याचा इलेक्ट्रॉनिक, म्हणजे पेडलसुद्धा बदलायचं. इंजिनाचा कॉम्प्युटर लिनियाच्या बाकीच्या वायरिंगशी आणि किल्लीतल्या चिपशी बोलतो. ते बोलणं नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. ड्राइव्ह शाफ्टची लांबी, सायलेन्सरचा नवा पाइप, वाढलेल्या जोराला पुरणारे ब्रेक. पंचावन्न हजारांच्या इंजिनाभोवती दीड लाखाचं काम उभं राहिलं. इंजिनाची किंमत हा या सगळ्यातला लहान भाग होता.

एवढ्यावरही मी कदाचित कर्ज काढून ते केलं असतं. अडवलं ते कायद्याने, आणि त्याबद्दल मी आज समाधानी आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी आणि कंपनीने ठरवून दिलेल्या गोष्टींशी विसंगत बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही तेच पक्कं केलं. आरसीवर १५९६ सीसी लिहिलेलं असताना आत १३६८चं टर्बो इंजिन घेऊन फिरणं म्हणजे प्रत्येक प्रवासात खोटा कागद खिशात ठेवणं. “बॉनेट उघडून कोण बघतंय,” असं मला तिघांनी सांगितलं. पोलीस बघणार नाही कदाचित. पण घाटात माझ्या गाडीमुळे कुणाला लागलं, तर विमा कंपनी पहिलं बॉनेट उघडेल, आणि तेव्हा भरपाई मला घर विकून द्यावी लागेल. ज्याच्याकडे फक्त ट्रॅकवर चालवायची गाडी आहे त्याने खुशाल टी-जेट घालावं. माझी गाडी आई-बाबांना घेऊन सासवडला जाते.

म्हणून ठरलं: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन, आणि आधी परवानगी. हेच १.६ इंजिन पालिओशिवाय फियाटच्याच सिएना, अॅडव्हेंचर आणि पेट्राच्या १.६ मॉडेलमध्ये बसवलेलं होतं. शोधायची जागा एकदम चौपट झाली. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून विचारलं, रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली, एक दिवस कुर्ल्याला जाऊन आलो. कुर्ल्यात एक सुटं इंजिन मिळालंही, बत्तीस हजारांत, धुऊनपुसून चकचकीत. पण ते कुठल्या गाडीतलं, याचा एकही कागद विक्रेत्याकडे नव्हता. ब्लॉकवर जिथे क्रमांक ठोकलेला असतो ती जागा ग्राइंडरने घासलेली दिसत होती. मी हात लावला नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या आरसीवर चढवायला जाणं म्हणजे स्वतःच्या पायाने पोलीस चौकीत जाणं.

शेवटी कराडजवळ एक अख्खी सिएना १.६ मिळाली. एका निवृत्त शिक्षकांची. गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी, तळाचा पत्रा गंजलेला, क्लच गेलेला, पण कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीखवार लावलेले. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं. मास्तर म्हणाले, “गाडी चालणार नाही आता, पण हिचं इंजिन कुणाच्या कामी येत असेल तर मला बरं वाटेल.” सौदा अठ्ठेचाळीस हजारांना ठरला.

पैसे देण्याआधी काकांनी दोन तास घेतले, आणि ते दोन तास मी नीट लिहून ठेवतो, कारण घाई इथेच होते. आधी त्यांनी स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं. अर्धा तास थांबले. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. चार वर्षं उभं राहिलेलं इंजिन थेट स्टार्टरने फिरवायचं नाही, रिंगा चिकटलेल्या असल्या तर मोडतात. फेरे निर्विघ्न झाल्यावर नवी बॅटरी जोडली आणि गेज लावून कॉम्प्रेशन मोजलं: १६५, १७०, १६८, १६५ पीएसआय. चार आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचं, असं काका सांगत होते. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. पाणी मिसळलं की दिसणारा दुधाळ लगदा नव्हता. शेवटी प्रकाराचा कोड आणि क्रमांक चुना लावून वाचला, आरसीशी ताडून पाहिला आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली.

ट्रकवर घालून ती पुण्याला आणायला साडेसात हजार पडले.

अख्खी गाडी घेण्याचा फायदा पुढच्या महिनाभर रोज दिसत राहिला. माझं एक माउंटिंग फाटलेलं निघालं, तर नवं येईपर्यंत मोजमाप घ्यायला सिएनाचं होतं. माझ्या एका सेन्सरचा प्लग उष्णतेने तुकडे झालेला, तर तो तिकडून आला. दोन्ही इंजिनं एकाच प्रकारची असल्याने माझा कॉम्प्युटर, माझी किल्ली आणि माझं वायरिंग जसंच्या तसं राहिलं. चिपची कटकट उद्भवलीच नाही.

इंजिन बाहेर असतानाच जे बदलायचं ते बदललं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि ऑइल सील मिळून साडेअकरा हजार. क्लचचा सेट ९,८००. माउंटिंग ६,२००. होज, कूलंट, ऑइल, गॅस्केट असं आठ हजार. मजुरी बावीस हजार, आणि ती एक पैसाही जास्त नव्हती. या इंजिनाचे कॅम लॉक करायला वेगळं टूल लागतं, अंदाजाने खुणा करून बेल्ट चढवायचा नसतो. काकांनी ते टूल चिंचवडच्या एका जुन्या मेकॅनिककडून दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं. बेल्ट चढवल्यावर पुन्हा हाताने दोन फेरे, पुन्हा लॉक घालून पाहणं, मग टेन्शनरचा नट. त्या नटाला टॉर्क पाना लावताना गॅरेजमधल्या पोराने रेडिओ बंद केला.

चेनकप्पीवर लटकलेलं इंजिन खाली उतरवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरत नव्हता. पाऊण तास आम्ही तिघं वाकून, एक जण पुढचं चाक फिरवत, एकमेकांना “थोडं डावीकडे” सांगत होतो. मग एकदम खट् असा आवाज आला आणि दोन्ही अंगं एकमेकांना भिडली.

कागदांची बाजू सांगतो. इंजिन उतरवण्याआधीच आरटीओत इंजिन बदलाच्या परवानगीचा अर्ज दिला होता. सोबत माझी आरसी, विमा, पीयूसी, सिएनाची आरसी, मास्तरांनी सही करून दिलेलं विक्रीपत्र आणि गॅरेजचं पत्र. सिएनाची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मास्तरांनी स्वतःच्या नावाने केला. त्यासाठी चासी नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून जमा करावा लागला. हाताच्या पंजाएवढा तुकडा, पण तो कापताना मास्तर शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. इंजिन बसवून झाल्यावर गाडी तपासणीला नेली. निरीक्षकांनी नव्या इंजिनाच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा घेतला, अर्जाशी ताडला. मला तीन खेपा पडल्या, त्यातली एक माझ्याच विमापत्रावर जुना पत्ता होता म्हणून. आरसीवर नवा क्रमांक चढल्यावर विमा कंपनीला पत्र देऊन पॉलिसीतही तो बदलून घेतला. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात. कागद, पीयूसी आणि येण्याजाण्याचे मिळून चार हजार.

माझी नोंदणी २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी नव्याने केलेली आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ती फी सहाशेवरून पाच हजार झाली, म्हणून ती मी तेव्हाच वेगळी धरली होती. तुमच्या गाडीची मुदत जवळ आली असेल, तर सध्याची फी विचारून या हिशेबात आधी घाला.

एकूण खर्च एक लाख सतरा हजार. नोंदणी रद्द झाल्यावर सिएनाची दारं, दिवे, सीटं आणि गिअरबॉक्स एकवीस हजारांना गेले, उरलेला सांगाडा चौदा हजारांना. हातून गेले ब्याऐंशी हजार. नव्वदच्या आत.

जानेवारीत पहाटे दिवे घाटात गेलो. दुसऱ्या गिअरला साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे हे इंजिन जो आवाज करतं, तो पाच महिन्यांनी ऐकला. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. गाडी बंद पडली होती ती जागा कधी मागे गेली ते कळलंच नाही.

हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल बदलायला धायरीला गेलो. काकांनी बेल्टचं वरचं कव्हर काढलं, बॅटरीचा झोत आत टाकून टेन्शनर पाहिला, अंगठ्याने बेल्ट दाबून पाहिला. कव्हर परत बसवलं आणि पांढऱ्या पेंट पेनने त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले. खाली एक ओळ आणखी लिहिली: ‘टेन्शनरसकट’.