ट्वायलाइट वाचलं, चार्ली आवडला

शेवटी ट्वायलाइट वाचून काढलं. २००५ सालचं पुस्तक, जगाने वाचून, रडून, टिंगल करून सोडून दिल्यावर मी आत्ता पोचले. धड आवडलं म्हणवत नाही, आणि भिकार आहे म्हणावं तर झोपेचं खोबरं करून वाचलंय, मग तेही खरं नाही.

गोष्ट बहुतेकांना माहितीये. बेला फिनिक्सच्या रखरखाटातून फोर्क्स नावाच्या कायम पाऊस पडणाऱ्या गावात बापाकडे राहायला येते, वर्गात शेजारी एडवर्ड, तो व्हॅम्पायर. १९१८च्या स्पॅनिश फ्लूत मरायला टेकला होता तेव्हा व्हॅम्पायर केला, तेव्हापासून सतराचाच आहे. उन्हात हे लोक जळत बिळत नाहीत, चक्क चमकतात!! नारायण धारपांची ‘लुचाई’ ही भयकादंबरी वाचून खिडक्यांच्या कड्या तपासून झोपणाऱ्या माणसाला हे पचायला जडच. पण म्हणूनच ढगाळ गाव निवडलंय हे मस्त, आणि बेसबॉल फक्त वीज कडाडत असताना खेळायचा, का तर यांच्या बॅटचा आवाज गडगडाटात खपून जातो, हे तर भारीच. सुरुवातीची प्रकरणंही जमलीत, तो बायोलॉजीच्या वर्गात अंग आखडून बसलाय आणि हिला वाटतंय आपलं काय चुकलं.

आणि कार्लाईल, एडवर्डचा मानलेला बाप. सतराव्या शतकातल्या लंडनमधला पाद्र्याचा मुलगा, बाप व्हॅम्पायर हुडकून मारणारा आणि नेमका हाच व्हॅम्पायर झाला. जीव द्यायला गेला, तेही जमेना, मग जनावरांच्या रक्तावर राहायला शिकला आणि पुढे झाला काय तर डॉक्टर. रोज रक्तात हात घालायचे आणि तोंडाला पाणी सुटू द्यायचं नाही. अख्खी कादंबरी याच्यावर हवी होती हो! स्टेफनी मायरबाईंनी त्याचा इतिहास पटकन उरकलाय आणि मग परत एडवर्ड किती देखणा, किती गार, किती परफेक्ट. पानोपानी.

पण माझा माणूस चार्ली. बेलाचा बाप, गावचा पोलीस चीफ, फार बोलत नाही, सुट्टी मिळाली की मासे पकडायला पळतो. एका सकाळी सगळीकडे बर्फ झालेला असतो, बेला ट्रक घेऊन शाळेत पोचते, आज गाडी कशी घसरली नाही म्हणून बघते तर टायरांना चेन लावलेल्या. बाप पहाटे कधीतरी उठून लावून कामावर निघून गेलाय, चकार शब्द न बोलता. तिचा घसा दाटून येतो आणि तेवढ्यात घसरत आलेली व्हॅन एडवर्ड नुसत्या हाताने थांबवतो. सगळ्यांना तो हात आठवतो, मी मात्र त्या चेनपाशीच अडकले.

कारण एडवर्डचं प्रेम म्हणजे काय तर न विचारता रात्री घरात शिरून झोपलेल्या पोरीकडे बघत बसायचं, आणि हिला ते कळल्यावर ही घाबरायची सोडून खूश! राहवलं नाही म्हणून पुढचे भागही वाचले तर तिसऱ्यात, इक्लिप्समध्ये, बेला तिच्या मित्राला, जेकबला, भेटायला निघते, ट्रक चालू होईना, बघते तर एडवर्ड शेजारच्या सीटवर बसलाय आणि हातात इंजिनचा पार्ट. काळजी वाटते म्हणून काढला म्हणे. अरे त्याच ट्रकला बापाने चेन लावल्या होत्या रे, पोरगी नीट जावी म्हणून! इथे मी पुस्तक बंद केलं, चहा केला आणि परत उघडलं, कारण पुढे काय होतं ते कळायला तर पाहिजे ना. बाई लिहितात तशा सपाटच, पण पान उलटायला लावतात, ते कसं करतात मला अजून उमगलेलं नाही.

चौथा भाग आणून ठेवलाय. चार्लीला खरं काय ते कधी कळतं का, एवढंच बघायचंय. ज्यांनी वाचलंय त्यांनी प्लीज सांगू नका.