‘गाडी क्यां छे?’ : मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडची वाटचाल

2015 सालची गोष्ट. बाबा एका कारखान्यात ट्रॉल्यांची चाकं बदलायला गेले होते, मी सोबत होते. डिस्पॅचचे एक भाई घामाघूम होऊन या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत होते आणि भेटेल त्याला विचारत होते, “गाडी क्यां छे?” गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारा टो-ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे चार ट्रॉल्या. माल स्टोअरमधून निघाला होता, लाइनवर पोचला नव्हता. लाइनवरची माणसं हात बांधून उभी होती. त्या चारही ट्रॉल्या आमच्याकडे बनलेल्या. परतताना स्कूटरवर बाबा म्हणाले, “ट्रॉली आपण मजबूत करतो गं, पण आपण कुठे आहोत हे तिचं तिला सांगता आलं तर?” आमचा आजचा धंदा तिथून सुरू होतो.

बाबांनी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केलं ते 1988 मध्ये. एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि एक फिटर. ते फिटर म्हणजे आमचे काका. नात्याने कुणी नाहीत, पण मी शाळेत असल्यापासून त्यांना काकाच म्हणते. ट्रॉल्या, रॅक, बिन, जिग असं जे मिळेल ते जॉबवर्क केलं. मी इंजिनिअर झाले ती कलाभवनात. म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, पण सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेल्या त्या संस्थेला आमच्या दांडिया बाजारातली जुनी माणसं आजही कलाभवनच म्हणतात. विषय इलेक्ट्रॉनिक्स. दोन वर्षं बाहेर नोकरी करून मी गाळ्यावर परतले. कॉलेजमधला एक वर्गमित्र सॉफ्टवेअर बघायला आला, तो आज भागीदार आहे.

सुरुवातीला सोपे मार्ग करून पाहिले. जीपीएस पत्र्याच्या छपराखाली चालत नाही. उपग्रहाचा संदेश थेट येत नाही, भिंतींवरून उलटून येतो, आणि शेडमध्ये उभी असलेली गाडी नकाशावर कंपाउंडबाहेरच्या रस्त्यावर दिसते. जमिनीवर चुंबकी पट्टी चिकटवून तिच्या मागाने गाडी नेण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण जिथे फोर्कलिफ्ट जागच्या जागी वळते तिथे पट्टी उखडते. शिवाय लाइन बदलली की पट्टी पुन्हा टाकायची, त्यासाठी शटडाउन मागायचा. गाडीने स्वतःच बघून, स्वतःची हालचाल जाणून, आपली जागा ओळखावी हा एकच मार्ग उरला.

हालचाल जाणणारे सेन्सर म्हणजे वळण मोजणारा जायरो आणि वेगातला बदल मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर. आता ते नखाएवढ्या चिपमध्ये मिळतात. आमची पहिली चिप आम्ही टेबलावर ठेवली आणि तिच्या आकड्यांवरून जागा काढायला लावली. चिप जागेवर, आणि पडद्यावरचा ठिपका चालायला लागला. गणित साधं आहे. अ‍ॅक्सिलरोमीटरमध्ये दर सेकंदाला वेगात सेकंदाला एका सेंटिमीटरची कायमची चूक असेल, तर ती दोनदा बेरजेत जाते: 10 सेकंदांत अर्धा मीटर, एका मिनिटात 18 मीटर. आमचा गाळा तेवढाही लांब नाही. बाबा मागे उभे होते. ते म्हणाले, “म्हणजे याला थोड्या वेळापुरतंच खरं बोलता येतं.” इतक्या वर्षांत याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

कॅमेऱ्याचं उलट असतं. एका चित्रातले ठळक कोपरे (खांबाची कड, बोल्टचं डोकं, रॅकचा सांधा) पुढच्या चित्रात कुठे सरकले ते बघून गाडी किती हलली, किती वळली ते काढता येतं. असा ठिपका टेबलावर चालायला लागत नाही. पण अंधार झाला, कोरी भिंत आली, चित्र पुसट आलं की कॅमेरा गप्प. तेवढा वेळ जायरोने निभावून न्यायचं आणि जायरोची साचलेली चूक कॅमेऱ्याने दुरुस्त करत राहायचं, असा हा संसार आहे. यातलं काहीच आम्ही शोधलेलं नाही. 2004 मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांची चाकं मातीत घसरत, तेव्हा आपण खरंच किती पुढे गेलो हे त्या चित्रांवरूनच मोजत. दोन्ही माहित्यांची सांगड घालणारं गणित, म्हणजे अर्धवट खऱ्या मोजमापांतून सगळ्यात जवळचं उत्तर काढणारा फिल्टर, काल्मनच्या 1960 च्या निबंधापासून सुरू होतं, आणि कॅमेरा व जायरोसाठी ते बेतशीर खर्चात कसं चालवायचं हे मूरिकिस आणि रुमेलिओटिस या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं. ते शोधनिबंध मी आणि माझा भागीदार रात्री गाळ्यावर बसून ओळ न् ओळ वाचत असू. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या रस्त्यांवर गाडीतून नोंदवलेला, 2012 पासून सगळ्यांना खुला असलेला किट्टी हा डेटा आहे, त्यावर आमचं सॉफ्टवेअर छान चाललं. आम्हाला वाटलं, जमलं.

शेडमध्ये मात्र ते कोसळलं. ठिपक्याचा मार्ग आकाराने बरोबर यायचा, माप चुकायचं. शंभर मीटरचा रस्ता कधी ऐंशी व्हायचा, कधी सव्वाशे. चार महिने आम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधली. चूक सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. एका कॅमेऱ्याला लहान गोष्ट जवळ आहे की मोठी गोष्ट लांब आहे हे कळत नाही. ते माप त्याला अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतो, गाडीचा वेग बदलतो तेव्हा. हातातला मोबाइल किंवा ड्रोन सतत हलतो, झुकतो, म्हणून तिथे जमतं. टो-ट्रॅक्टर एकसारख्या वेगाने सरळ जातो. अ‍ॅक्सिलरोमीटरला काही जाणवतच नाही, मग तो सांगणार काय? रुमेलिओटिस यांच्याच गटाचा 2017 चा निबंध नेमका चाकाच्या गाड्यांवर आहे. त्यात हे सिद्ध केलेलं वाचलं त्या दिवशी आम्ही दोघांनी सुरसागर तलावापर्यंत चालत जाऊन शेव-उसळ खाल्ली. चार महिने वाया गेले याचं दुःख होतंच, पण आपण वेडे नाही याचा आनंद मोठा होता.

उपाय आमच्या ओळखीचाच निघाला: चाक. चाकाला एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, लावला की माप हातात येतं. चाकही पूर्ण खरं बोलत नाही. 400 मिलिमीटर व्यासाचं रबरी चाक झिजून 392 झालं की अर्ध्या किलोमीटरला 10 मीटरचा फरक पडतो, आणि तेल सांडलेल्या जमिनीवर ते घसरतं. म्हणून चाकाचा व्याससुद्धा फिल्टरने चालता चालता काढायचा आणि चाक घसरलं की कॅमेऱ्याने सांगायचं. शिवाय एक कॅमेरा सोडून आम्ही दोन घेतले, 12 सेंटिमीटर अंतरावर; दोघांच्या चित्रांतल्या फरकावरून वस्तू किती लांब ते कळतं. ट्रॉलीच्या चाकांवर तीस वर्षं काढलेली माणसं आमच्याकडे होती, त्याचा इथे फार उपयोग झाला. कुठलं चाक भार घेतं, कुठलं नुसतं मागून येतं, एन्कोडर कुठे लावला तर भुशाने भरणार नाही, हे पुस्तकात नाही.

पण ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो ब्रॅकेटचा.

2019 च्या मे महिन्यात एका कारखान्यात आमची ट्रायल चालू होती. सकाळी आठला आकडे उत्तम. दुपारी दोनला गाडी उघड्या आवारातून शेडमध्ये आली की लांबच्या वस्तू मीटर-मीटरने पुढेमागे. संध्याकाळी पुन्हा ठीक. आम्ही कॅमेऱ्याच्या सेटिंगला दोष दिला, उन्हाच्या तिरपीला दिला, शेवटी संगणक तापतो म्हणून पंखा लावला. तिसऱ्या दिवशी काका जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टरपाशी गेले, त्यांनी कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. मग पिशवीतून डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल काट्यावर दाखवणारं माप, काढला, स्टँड चॅसिसवर बसवला, टोक ब्रॅकेटच्या एका कानाला टेकवलं आणि ओली फडकी ब्रॅकेटवर घातली. आम्ही सगळे भोवती उभे. काटा हळूहळू सरकायला लागला. काका म्हणाले, “बघ. अल्युमिनियमची पट्टी लोखंडावर आवळली आहेस तू. ऊन लागलं की अल्युमिनियम जास्त वाढतं, लोखंड कमी. मग ती वाकणार नाही तर काय करेल?”

मी जागेवरच हिशेब केला. दोन कॅमेऱ्यांमध्ये एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा पीळ पडला तरी आमच्या लेन्सला चित्र 0.7 पिक्सेल सरकतं. 10 मीटरवरच्या वस्तूसाठी अर्ध्या पिक्सेलची चूकही अंतरात एक मीटर होते. तीन मीटरवर तीच चूक दहा सेंटिमीटरच्या आत राहते, म्हणून जवळचं सगळं ठीक दिसत होतं आणि आम्ही फसत होतो. काकांनी पुढच्या आठवड्यात एकाच अल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ब्रॅकेट काढून घेतला, दोन्ही कॅमेरे आणि जायरोची चिप त्याच ठोकळ्यावर, आणि ठोकळा चॅसिसवर तीनच ठिकाणी, रबराच्या बुशांवर. तीन टेकू असले की पीळ बसत नाही, हे ते तिपाईवरून सांगतात. तोच ब्रॅकेट थोड्या फेरफाराने आज आमच्या प्रत्येक युनिटमध्ये आहे. कुणी विचारलं की तुमची खासियत काय, तर मी सॉफ्टवेअरच्या आधी तो ठोकळा हातात देते.

वेळेचं गणितही असंच शिकलो. गाडी सेकंदाला 30 अंशाने वळताना चित्राची वेळ आणि जायरोची वेळ 20 मिलिसेकंदांनी चुकली, तर 0.6 अंश, म्हणजे आमच्या लेन्सला चार पिक्सेल. कॅमेऱ्याचं शटर आणि जायरो एकाच घड्याळाच्या तारेवर बांधल्यापासून वळणावरची तक्रार संपली.

2020 च्या लॉकडाउनमध्ये गाळा बंद, ट्रॉल्यांच्या ऑर्डरी बंद. बाबांनी मुदत ठेव मोडून पगार दिले. आमच्याकडे ट्रायलमध्ये नोंदवलेली चित्रं आणि आकडे साठवलेले होते. भागीदार घरी बसून तेच पुन्हा पुन्हा चालवून फिल्टर सुधारत राहिला.

त्यातूनच आमच्या धंद्यातला सगळ्यात कठीण निर्णय आला. फिल्टर नुसती जागा काढत नाही, त्या जागेची खात्री किती तेही काढतो. ठिपका आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ: शंभरात पंच्याण्णव वेळा खरी गाडी वर्तुळात असायला हवी. आम्ही शेडच्या जमिनीवर टेपने मोजून खुणा केल्या, गाडी प्रत्येक खुणेवर उभी केली आणि पाहिलं. खूप वेळा खरी जागा वर्तुळाबाहेर. वर्तुळ लहान, सुबक आणि खोटं. अशा फिल्टरला आपली दिशा प्रत्यक्षाहून जास्त ठाऊक असल्याचा भ्रम होतो, कारण वक्र समीकरणं तो दर वेळी नव्या अंदाजाभोवती सरळ रेषेसारखी धरतो आणि त्यातून नसलेली माहिती निर्माण होते. रुमेलिओटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची कारणंही दाखवली आहेत आणि उपायही. तो बसवायला आम्हाला बरेच महिने लागले. वर्तुळ मोठं झालं, आणि खरं झालं.

एका ग्राहकाला ते मोठं वर्तुळ नको होतं. त्यांना पडद्यावर नुसता ठिपका हवा होता. दुसरा पुरवठादार तसा देत होता. वर्तुळ लपवा, ऑर्डर घ्या, असं मला सांगण्यात आलं. मी दोन रात्री विचार केला. टो-ट्रॅक्टरपुढे माणसं चालतात. गाडीला आपली जागा माहीत नसेल आणि ती माहीत असल्यासारखी वागली, तर कुणाच्या तरी पायावर जाणार. आम्ही नाही म्हटलं. ऑर्डर गेली, आणि त्या वर्षी ती परवडणारी नव्हती.

वर्तुळाची खरी किंमत कळली ती दुसऱ्या एका कारखान्यात. तिथे ऑडिटच्या आधी एका रात्रीत शेडची जमीन चकचकीत इपॉक्सी केली आणि भिंती एकसारख्या पांढऱ्या रंगवल्या. सकाळी गाडीला ओळखीचे कोपरे दिसेनात. जमिनीत छतावरच्या दिव्यांची प्रतिबिंबं, आणि ती गाडीबरोबर अशी सरकतात की जणू जमिनीच्या खाली आणखी एक छत आहे. वर्तुळ वाढत वाढत ठरवून दिलेल्या एक मीटरच्या पलीकडे गेलं आणि गाडीने आपणहून वेग कमी करून थांबा घेतला. कुणाला खरचटलंही नाही. त्यानंतर आम्ही खांबांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पाट्या लावायला सुरुवात केली. पाटी दिसली की वर्तुळ एकदम आक्रसतं. जमिनीखालचे बिंदू वेगळे काढून टाकायचंही मग शिकलो.

आज आम्ही अकरा जण आहोत. ट्रॉल्या अजून बनतात, आणि या कामाचा बराचसा खर्च इतकी वर्षं त्यांनीच पेलला आहे. बाबा सकाळी येतात, वेल्डिंगचा प्रत्येक जोड बोटाने तपासतात. पावसात उघड्या आवारातलं काम अजून आमच्या मनासारखं होत नाही. काचेवर थेंब बसला की तो गाडीबरोबर चालणारा खोटा कोपरा होतो, आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात प्रत्येक सर वेगळी चमकते. या पावसाळ्यात त्याच्याच नोंदी घेतो आहोत.

गाडी शोधत फिरणारे ते भाई आता त्याच कारखान्यात डिस्पॅचचे प्रमुख आहेत आणि त्यांच्या टेबलावर आमचा पडदा आहे. परवा सकाळी त्यांचा फोन आला. गाडी कुठे आहे हे त्यांना आता विचारावं लागत नाही. ते म्हणाले, “बेन, आजे कुंडाळुं मोटुं छे.” म्हणजे आज वर्तुळ मोठं आहे. मी विचारलं, कोणत्या शेडपासून? तीन नंबर, सँडब्लास्टिंगच्या शेजारी. काकांनी ऐकलं, मऊ फडकं आणि ब्लोअर पिशवीत टाकला, आणि लेन्स पुसायला स्कूटर काढली.